मारियेलाबाईंचा भोंडला

आखातात, रास अल खैमातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये न्हाणीघराला खिडकी नव्हती. वरच्या बाजूला एक जाळी होती आणि ती उघडायची एका उभ्या अंधाऱ्या पोकळीत, जिच्यातून सगळ्या मजल्यांचे पाइप खाली जायचे. पाइपांबरोबर आवाजही ये-जा करायचे. कुणाचा कुकर किती शिट्यांवर उतरला, कुणाच्या नवऱ्याचा खोकला अजून गेलेला नाही, कुणाच्या पोराला आज गणितासाठी बोलणी बसली, हे सगळं आंघोळ करता करता कळायचं. वर्तमानपत्र शिळं मिळायचं, पण जाळी ताजी असायची. आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, मारियेलाबाई राहायच्या. त्या भांडी विसळताना गुणगुणायच्या. रोज एकच गाणं. सुरुवात मोठी झोकात व्हायची, पहिलं कडवं आनंदात पार पडायचं, दुसऱ्या कडव्यात चाल चढायला लागायची आणि अगदी वर जायच्या आधी, ठरलेल्या एका जागी, गाणं बंद. मी अंगावर साबण तसाच ठेवून पुढच्या ओळीची वाट बघायचे. ती कधी यायची नाही. यायची ती दाराबाहेरून आईची हाक, "नीलू, टँकर उद्या येणारे! पाणी जपून!"

आम्ही सांगलीचे. बाबा टाइल्सच्या कारखान्यात होते, टाइलवर जो काचेसारखा चकचकीत थर असतो तो चढवणाऱ्या खात्यात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा बूट पांढरे, पापण्या पांढऱ्या. आई त्यांना आधी गॅलरीत झटकायची आणि मग घरात घ्यायची. गॅलरीतून एका बाजूला उघडेबोडके डोंगर दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला, गच्च्यांवरच्या टाक्यांच्या फटीतून, खाडीची एक निळी चिंधी. खाली इराण्याची भट्टी होती. दुपारच्या अजाननंतर तिथे खुबूस, म्हणजे तिकडची फुगलेली मोठी रोटी, निघायला लागायची. ती कागदात गुंडाळून, हात भाजत, वर पळत आणायची आणि आईच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दह्यात बुडवून खायची, याच्यापुढे मला आजही कुठलं पक्वान्न सुचत नाही. समोरच्या दारात सईदाखाला राहायची, दापोलीकडची. तिच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आईला मासे शिकवले ते तिने. बदल्यात आईने तिला काय शिकवलं असेल तर पुरणाचं वाटण, आणि ते तिला शेवटपर्यंत जमलं नाही. "सुमन, तुझं पुरण म्हणजे टेन्शन," असं म्हणून ती आमच्याकडेच येऊन जेवायची.

कारखान्यातल्या भट्ट्या इटलीहून यायच्या आणि त्यांच्याबरोबर त्या बसवून देणारी माणसंही. फ्राँको त्यांतले. उंच, वाकलेले, भट्टीखेरीज जगात काही आहे यावर फारसा विश्वास नसलेले. मारियेलाबाई त्यांच्या पत्नी. त्या गायिका आहेत आणि तरुणपणी सिनेमातही होत्या ही बातमी बाबांनी आणली तेव्हा आईने हातातली कणीक तशीच ठेवली. "नटी?" ती कुजबुजली, जणू खालून ऐकू जाईल. सांगलीच्या माणसाला नाटक आणि गाणं याबद्दल जे वाटतं ते इतर गावांना समजावून सांगण्यात अर्थ नाही. आई पुढचे आठ दिवस जिन्यात चांगली साडी नेसून हिंडली. शेवटी नारळाच्या वड्या घेऊन खाली गेली, आणि मला दुभाषी म्हणून ओढत नेलं. दार उघडलं तर आत पन्नाशीच्या, जाड, लालसर केसांच्या बाई, पुरुषी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हाताला पीठ. आईचा जरासा विरस झाला असावा, पण तिने तो दाखवला नाही. गाणाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिला जमेना, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून मारियेलाबाई झाल्या. बाईंना वाटलं आमच्यात नाव असंच लांबवतात. त्या आईला सुमानबाई म्हणायला लागल्या.

सिनेमाबद्दल मी खोदून खोदून विचारायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं शाळेतलं, त्यामुळे आमचं छान जमायचं. "पाच सिनेमे केले," त्या म्हणायच्या. "पाचही सिनेमांत मी स्कूटरवर मागे बसले. हीरो थांबायचा, मी उतरायचे, गायचे, परत बसायचे. ॲक्टिंग? खलास!" हा एक अरबी शब्द त्यांना फार आवडायचा. एक गाणं मात्र त्यांचं खूप गाजलं होतं, घरोघरी वाजलं होतं, आणि न्हाणीघराच्या जाळीतून वर यायचं ते तेच. मला त्यांच्याकडून गाणं शिकायचं होतं. गायला त्यांनी साफ नकार दिला, पण श्वास शिकवते म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या फरशीवर मला उताणं झोपवायच्या, पोटावर तांदळाची पिशवी ठेवायच्या आणि श्वासाने ती वर उचलायला लावायच्या. मग ती खाली सोडायची, पण हळू, अगदी हळू. आई एकदा मला बोलवायला आली आणि दारातच थबकली. "गाणं शिकवतायत की तांदळाचं कोठार करतायत तुझं?" म्हणाली. मी पिशवीसकट हसले आणि तांदूळ घरभर झाले.

त्यांना फोन आला तेव्हाही मी अशीच फरशीवर होते. फोन त्यांच्या गावाहून होता. बाई आधी हसून बोलल्या, मग पाठमोऱ्या उभ्या राहून वायर बोटाला गुंडाळत राहिल्या. फोन ठेवल्यावर तिथेच, माझ्या डोक्याशी, फरशीवर बसल्या. त्यांचं गाव डोंगरात होतं, लहान. तिथली शाळा बंद करून मुलांना रोज बसने खाली दरीतल्या गावात पाठवायचं घाटत होतं. नगराध्यक्षांची त्याला मान्यता होती. गावातल्या काही तरुण माणसांना त्यांच्याविरुद्ध कुणीतरी उभं करायचं होतं, असं कुणीतरी ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. "मी!" बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मला म्हणतात, तू नगराध्यक्ष हो." मला ते इतकं भारी वाटलं की मी उठून बसले. त्यांनी मान हलवली. मग मला ते सांगितलं, जे त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. गाणं गाजलं, सिनेमे झाले, आणि मग त्यांना त्यांच्याच गावाने जत्रेला गायला बोलावलं. चर्चसमोरचा चौक, खुर्च्या, बाल्कन्यांत माणसं, पुढच्या रांगेत आई आणि मावश्या. दुसऱ्या कडव्यात बाई शब्द विसरल्या. त्यांचं स्वतःचं गाणं, हजारदा गायलेलं. वाद्यं थांबली. कुणीतरी हसलं. मग सगळा चौक हसला. त्या मंचावरून उतरल्या त्या पुन्हा कधी कुठे उभ्या राहिल्या नाहीत. "रोममध्ये विसरले असते तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. "ती परकी माणसं. भाषण करायचं तर त्याच चौकात करावं लागतं, नीलू. दुसरा चौकच नाही आमच्याकडे." मी त्यांचा हात धरून बसले. त्या पिठाच्या हाताला कॉफीचा वास यायचा.

मला त्यांची दया आली हे खरं, पण त्या जाणार नाहीत याचा आनंद त्याहून मोठा होता. शाळेत मला मैत्रिणी फारशा नव्हत्या. मी जाडी होते, मराठीत विचार करून इंग्रजीत बोलायचे, आणि दुपारी खाली गेल्यावर जगात एक बाई माझीच वाट बघत असायच्या. घरी मात्र या विषयावर रोज चर्चा. आईचा निकाल झाला होता, "जायला पाहिजे. पोरांच्या शाळेचा प्रश्न आहे." बाबा म्हणाले, "अगं, राजकारण आहे ते, भोंडला नव्हे." शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, फ्राँको आमच्याकडे जेवायला असायचे. आमटी वाटीने प्यायचे. आईने माझ्या मार्फत त्यांनाच विचारलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. "मॅडम," ते म्हणाले, "त्या जत्रेनंतर ती सगळा हिवाळा घराबाहेर पडली नाही. मी तिला भाजी आणायला पाठवायचो, ती दारापर्यंत जाऊन परत यायची. तेव्हापासून मी परदेशातलीच कामं घेतो ती त्यासाठी. इथे तिला कुणी ओळखत नाही. प्लीज, तिला पुन्हा तिथे उभं करू नका." आईने त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली.

मग नवरात्र आलं. ज्या वाचकांनी भोंडला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मधे पाटावर हत्ती मांडायचा, त्याच्याभोवती हातात हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणत फिरायचं, आणि शेवटी खिरापत, म्हणजे झाकलेल्या डब्यातला खाऊ, ओळखायचा. आईच्या माहेरी याला आणखी एक नियम होता, आणि आईने तो समुद्रापार आणला होता. एकदा फेर सुरू झाला की खिरापतीचा डबा उघडेपर्यंत तो थांबवायचा नाही. पाय दुखू देत, गाणं संपू दे, पुढचं सुचू दे किंवा न सुचू दे, फिरत राहायचं. पाटावर काढायला रांगोळी तिथे मिळायची नाही. म्हणून त्या वर्षी बाबांनी पांढऱ्या टाइलवर हत्ती रंगवला आणि फ्राँकोंनी तो आपल्या लाडक्या भट्टीतून भाजून काढला. भट्टीत रंग ओघळला, सोंड पोटाला चिकटली, आणि हत्ती सरळसरळ म्हैस दिसायला लागला. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "असू दे. देव भावाचा भुकेला."

ती टाइल आत्ता माझ्यासमोर आहे. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी वेगळा कोनाडा केलाय. माझी लेक इरा तिला "आजीज काऊ" म्हणते. मी दरवर्षी सांगते की तो हत्ती आहे, आणि ती दरवर्षी म्हणते, "इफ यू से सो, ममा." आई पंच्याहत्तरीला आली, गुडघे गेले, तरी आमच्या इथल्या भोंडल्यात ती खुर्चीवर बसून हुकूम सोडते.

त्या वर्षी बायका कमी पडल्या. एक कुटुंब सुट्टीवर सांगलीकडेच गेलेलं, दुसरं बदली होऊन अबुधाबीजवळच्या मुसफ्फाला. सोफा गॅलरीत ढकलून झाला, टाइल मांडली, बाबांना आणि फ्राँकोंना चहा प्यायला बाहेर हाकललं, आणि हात धरायला गेलो तर गोल काही पुरा होईना, फेराचा नुसता दोर झाला. "नीलू," आई म्हणाली, "खाली जा आणि मारियेलाबाईंना बोलावून आण. म्हणावं, गाणं नको. फक्त हात हवेत." मी तसंच सांगितलं. बाई दारात ओले हात पुसत क्षणभर उभ्या राहिल्या. "फक्त हात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "प्रॉमिस." त्या चपला काढून वर आल्या, आणि माझ्या आणि सईदाखालाच्या मधे उभ्या राहिल्या.

आई सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. दुसरं की तिसरं गाणं होतं, सासरच्या माणसांची ओळीने नावं घेणारं. सून रुसून बसलेली, तिला समजवायला एकेक जण येतो. सासरा आला, सासू आली, जाऊ आली, नणंद आली, आणि नणंदेपाशी आई अडकली. सांगली सोडून किती वर्षं झाली होती! तिचे ओठ उघडे, डोळे छताकडे, आणि पुढचं नाव काही येईना. माझ्या डाव्या हातात मारियेलाबाईंचा हात होता, तो एकदम घट्ट झाला. इतका, की माझी बोटं दुखली. त्या फक्त आईकडे बघत होत्या. आणि पाय चालूच. एक पाऊल, दुसरं पाऊल, कुणीतरी "ला ला ला" करून ओळ भरून काढली, आणि सईदाखालाने ठणठणीत आवाजात सुनेला न्यायला आमच्या बिल्डिंगचा राखणदार गुलखान पाठवून दिला. हशा फुटला. आई सगळ्यांत जोरात हसली, हसता हसता डोळे पुसायला हात सुटत नव्हता म्हणून खांद्यावर गाल घासला, आणि गुलखानानंतर इराणी भट्टीवाला, त्याच्यानंतर पाण्याचा टँकरवाला असे एकेक जण सुनेला न्यायला येत राहिले. सून शेवटी टँकरवाल्याबरोबर गेली.

फेर फिरतच होता. मारियेलाबाई माझ्या कानाशी वाकल्या. "ती विसरली," त्या म्हणाल्या. "सगळे हसले. तिला विचार, तिला लाज नाही वाटली?" मी चालता चालता आईला मराठीत विचारलं. आईला प्रश्नच कळेना. "लाज कसली मेली?" ती धापा टाकत म्हणाली. "मी विसरले तर या आहेत की सगळ्या. फेर थांबला नाही ना? झालं तर मग!" मी ते इंग्रजीत सांगितलं. जमेल तसं सांगितलं. अर्धा फेर आम्ही नुसत्याच फिरलो, आईला पुढचं गाणं सुचत नव्हतं, आणि खोलीत पंख्याचा आणि बांगड्यांचा तेवढा आवाज. आणि मग मला ते ऐकू आलं, इतके दिवस फक्त जाळीतून ऐकलेलं, आता माझ्या खांद्याशी. त्या गुणगुणत नव्हत्या, गात होत्या. आवाजाला गंज चढला होता, पण तो केवढा मोठा होता! काचेच्या कपाटातले पेले किणकिणले. बायकांना एक अक्षर कळत नव्हतं, पण चाल फेराच्या पावलाला चपखल बसत होती, आणि पहिलं कडवं संपेपर्यंत सईदाखाला शेवटचे शब्द अंदाजाने म्हणायलाही लागली होती. दुसरं कडवं आलं. चाल चढायला लागली. मला ती जागा माहीत होती, मी श्वास रोखला. आणि त्याच जागी गाणं तुटलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. पण इथे कुणाला माहीत की काही तुटलंय म्हणून? त्यांना वाटलं गाणं असंच आहे. सगळ्यांनी "ला ला ला" करून ती जागा भरली आणि फेर पुढे नेला, आणि त्यांच्या हातांनी बाईंनाही. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्या टाइलच्या पलीकडच्या बाजूला पोचल्या होत्या. त्या रडत होत्या आणि चालत होत्या. आईने ते पाहिलं, पण फेर थांबवला नाही. नियम म्हणजे नियम.

मग खिरापत. आईने स्टीलचा डबा कपड्यात बांधून ठेवला होता आणि त्या वर्षी ती फार चढून गेली होती, कुणालाही ओळखता येणार नाही म्हणून. आधी आम्ही हरलो. मग सगळ्यांनी बाईंना पुढे केलं. आमच्याकडे वर्षभर खाल्लेलं सगळं त्यांनी आठवून आठवून सांगितलं. शंकरपाळी? नाही! चिवडा? नाही! थालीपीठ? नाही! करंजी, पोहे, आणि शेवटी आमटी, म्हणून सगळ्या हसल्या. त्यांनी डब्याला नाक लावलं, हिंगाचा वास आला, आणि हात वर केले. आईने डबा उघडला. आत पिवळ्याधमक चौकोनी वड्या, वर मोहरी, खोबरं, कोथिंबीर. बाईंनी एक तोंडात टाकली, चावली, आणि थांबल्या. "पोलेंता," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोंगरात मक्याचं पीठ शिजवून, थापून, त्याच्या वड्या पाडून खातात. लहानपणी रोज तेच खाल्लं म्हणून त्यांनी कधीतरी मला सांगितलं होतं, मी ते आईला सांगितलं होतं. आईने कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी दुकानातून मक्याचं पीठ आणलं, दिरहमांचे रुपये करून उसासा टाकला, आणि तिच्या पद्धतीने फोडणी दिली. मारियेलाबाईंनी दुसरी वडी घेतली. "मी सगळं तुमचं ओळखत बसले," त्या मला म्हणाल्या, "आणि आत माझंच होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाला फोन केला. ते मी जाळीतूनच ऐकलं. इटालियन येत नसलं तरी होकार कळतो. मी न्हाणीघरात बसून पोटभर रडले. आईने दार वाजवलं, या वेळी पाण्याबद्दल काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिने मला जवळ घेतलं. मी म्हटलं, "तूच पाठवलंस त्यांना." "मी हात मागितले होते फक्त," आई म्हणाली. मग माझे केस पुसता पुसता म्हणाली, "त्यांच्या गावातल्या पोरांना रोज बसने दरीत उतरावं लागणारे, नीलू. तुझी शाळा इथे कोपऱ्यावर आहे." मला त्या पोरांचा राग आला होता, तो त्या वेळी थोडा कमी झाला. फ्राँको आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी येऊन आमटी प्याले, आणि भट्टीचं काम संपलं की आपणही जाणार म्हणून सांगितलं. "कुणीतरी पाहिजे ना तिथे," ते म्हणाले, "ती मंचावरून खाली उतरेल तेव्हा." त्यांना अजूनही खात्री होती की ती उतरणार.

बाई निघाल्या त्या दिवशी मला तांदळाची पिशवी देऊन गेल्या. आईने तो तांदूळ वर्षभर शिजवला नाही. त्या निवडून आल्या, पुन्हा एकदा आल्या, शाळा राहिली, आणि त्यांच्या पत्रांत पुढे गटारं, रस्ते, विरोधी पक्ष असला मजकूर इतका यायला लागला की आई म्हणायची, "यांच्यापेक्षा आपला नगरसेवक बरा, तो निदान पत्र लिहीत नाही." प्रचाराला त्या दारोदार जायच्या तेव्हा उंबऱ्यावर थांबून, चुलीवर काय शिजतंय ते वासावरून ओळखायच्या म्हणे. चुकल्या की घरातले लोक त्यांना आत बसवून खायला घालायचे, आणि मग बोलणं व्हायचं. पण माझ्या लेखी निकाल लागला तो मतदानाच्या आधी, एका रविवारी.

मी शाळेतून नुकती आले होते. आई खुबूसवर तूप लावत होती. फोन वाजला आणि फ्राँकोंचा आवाज आला, चौकातल्या कॉफीच्या दुकानातून, वायर दारापर्यंत ताणून. "नीलू! सुमानबाईंना बोलाव. ऐका." आणि त्यांनी रिसीव्हर बाहेर धरला. मी आणि आई गालाला गाल लावून ऐकायला लागलो. आधी नुसता गलका, चर्चची घंटा, मग लाउडस्पीकरवरून बाईंचा आवाज, भाषणाचा. मधेच कुठूनतरी दुसरं काही वाजायला लागलं. त्यांचंच गाणं, जुनी तबकडी, खरखरत. विरोधकांनी एका गाडीवर कर्णा लावून ते मुद्दाम भाषणावर सोडलं होतं. लोक हसले. तोच चौक, तेच हसू. आईने माझं मनगट धरलं. भाषण थांबलं, आणि तबकडी तेवढी वाजत राहिली.

मग बाई गायला लागल्या. तबकडीच्या वरून, तिच्यापेक्षा मोठ्याने, थोड्या पुढे थोड्या मागे, आणि गाडीवाल्यालाच लाज वाटली असेल किंवा कुणी जाऊन त्याची वायर उपटली असेल, तबकडी बंद पडली. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. चाल चढायला लागली, आणि माझे हात आपोआप हवेत थांबले, साबण लागलेले असावेत तसे. ती जागा आली. बाई थांबल्या.

"विसरल्या," आई म्हणाली.

मग एक म्हातारा, फाटका आवाज आला, बाईचा. त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग बाल्कन्यांतून, मग सगळीकडून. त्या माणसांना ते गाणं पाठ होतं. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, आणि आता ते कडवं त्यांनी हातोहात वर नेलं. फ्राँको रडत होते की हसत होते ते फोनवर कळलं नाही. आई मात्र रिसीव्हर कानाला तसाच धरून, जागच्या जागी, एकेक पाऊल टाकत होती.

"बघ," ती म्हणाली, "थांबला नाही."

मी ऐकत होते. पुढची ओळ मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकायला मिळाली.